वस्तीचा अर्ज, संस्थेचा अहवाल

आमच्या संस्थेचा २०२५ सालचा अहवाल छापून आला, तेव्हा त्याच्या दहा-बारा प्रती घेऊन मी पुण्यातल्या आमच्या वस्तीत गेले. बायकांचे फोटो त्यात छापले होते, त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. झालाही. 'ही बघ मी', 'हिचे डोळे मिटलेत' असे चालले होते. मग आठवीपर्यंत शिकलेली एकजण फोटोखालचा मजकूर मोठ्याने वाचू लागली. 'संस्थेच्या प्रयत्नांमुळे वस्तीतील महिला शौचालयाची दुरुस्ती पूर्ण.' वाचून ती थांबली आणि मला म्हणाली, "ताई, अर्ज आम्ही लिहिला. पुस्तकात तुमचं नाव कसं काय?"

मी काहीतरी उत्तर दिले. 'संस्था म्हणजे तुम्हीच की', असे काहीसे. ते उत्तर खोटे होते हे मलाही कळत होते आणि तिलाही. तेव्हापासून जो प्रश्न मला छळतो आहे तो या अंकातून मैत्रिणींपुढे ठेवायचा आहे. शहरात वस्ती पातळीवर काम करणाऱ्या आपण बायकांचे संघटन करतो आहोत, की बायकांच्या जोरावर आपल्या संस्था चालवतो आहोत?

आधी घडले काय ते सांगते. सार्वजनिक शौचालयात बायकांच्या बाजूला आठ सीट होत्या. त्यातल्या तीन तुंबून बंद पडलेल्या, दोघींना कडी नाही, रात्री दिवा नाही. बायकांनी २०२४ च्या पावसाळ्यानंतर एक साधी गोष्ट केली. नववीतल्या दोन मुली वही-पेन घेऊन सकाळी पाच ते नऊ दाराशी बसल्या आणि येणाऱ्या बायका मोजल्या. २६० भरल्या. म्हणजे चालू असलेल्या एका सीटमागे ५२. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषानुसार सामुदायिक शौचालयात २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. हा निकष आमच्या एका शिबिरात सांगितला गेला होता, तो एकीने लक्षात ठेवला होता. अर्जाला ती वहीची पाने जोडून सातजणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या, आवक-जावकच्या टेबलावर पोच घेतली, आठवड्याने पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला कनिष्ठ अभियंता पाहणीला आला. दीड महिन्यात काम झाले.

यातले मला काहीही ठाऊक नव्हते. पोच घेतलेला कागद त्यांनी मला दाखवला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आले, ते प्रामाणिकपणे लिहिते. मला राग आला. 'मला न सांगता कशा गेल्या?' खरे तर ज्या दिवसासाठी आपण राबतो तो दिवस आला होता, आणि मी रुसून बसले होते! पुढे तिमाही अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा त्या तक्त्यात 'बायका आपणहून गेल्या' असे लिहायला रकानाच नव्हता. 'घेतलेल्या बैठका', 'प्रशिक्षित महिला', 'मिळवून दिलेले लाभ' एवढेच रकाने. मी ते काम तिसऱ्या रकान्यात घातले. वार्षिक अहवालातले वाक्य तिथूनच आले. ते कोणी दुसऱ्याने लिहिलेले नाही.

हे एकट्या माझ्या किंवा माझ्या संस्थेच्या मनाच्या कोतेपणाने होते असे मला वाटत नाही. पैसा कुठून येतो आणि कशासाठी येतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर हजारो बायका लाटणी घेऊन उतरल्या, त्यामागे मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या पक्ष-संघटनांत वाढलेल्या कार्यकर्त्या होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी लढून मृणालताई 'पाणीवाली बाई' झाल्या त्या काही एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीत नव्हे. त्या काळी सगळे आलबेल होते असे नाही. पक्षांतही बायकांना मोर्चापुरते बोलावले जायचे. पण लोकांना गोळा करणे हेच तिथे काम मानले जायचे, त्याला वेगळे नाव द्यावे लागत नव्हते.

आज आमच्यासारख्यांचे पगार देणग्यांतून आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून होतात. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा ही तरतूद २०१४ पासून लागू आहे. त्या पैशातून शौचालय बांधता येते, शिवणयंत्रे देता येतात, संगणकवर्ग काढता येतात. ते सगळे हवेच आहे. पण 'बायकांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन हिशेब मागावा' यासाठी कोणती कंपनी पैसे देणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान गटांची ती वाट बंद झाली. जे उरले त्यांनी मोजता येईल असे काम धरले. मोजता येते ते वाटप. संघटन मोजायचे कसे?

त्यातून बाईचे नाव बदलले. सरकारच्या कागदावर ती लाभार्थी, आमच्या कागदावरही लाभार्थी. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला आम्ही सगळ्या वस्तीत बसलो होतो. महिना १५०० रुपयांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून शंभर रुपये नसतात, तिला ते किती आहेत हे मी पाहिले आहे. पण त्या दोन महिन्यांत आमचे एकही शिबिर झाले नाही, आणि कोणाला त्याची खंतही वाटली नाही. अर्ज भरून देणारी ताई ही वस्तीत सगळ्यांत लाडकी ताई असते. अर्ज लिहायला शिकवणाऱ्या ताईची गरज हळूहळू संपते, आणि तिने संपावेच. हे पचवणे आपल्याला जड जाते, असे माझे मत आहे.

कायद्यातही हाच पेच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने महापालिकांत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात या समित्यांवर नगरसेवकांबरोबर तीनपर्यंत सभासद सामाजिक संस्था-संघटनांमधून नेमायची सोय आहे. म्हणजे खुर्ची मिळाली तर ती संस्थेला. नळावर भांडणाऱ्या, शौचालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला तिथे बसायला मिळायचे तर कोणत्या तरी संस्थेचे बोट धरून! याउलट २००९ च्या कायद्याने ज्या क्षेत्रसभा सांगितल्या, त्यांत त्या भागातला प्रत्येक मतदार सभासद आहे. तिथे बाई स्वतःच्या नावाने उभी राहू शकते. पण बहुतेक शहरांत क्षेत्रसभा कागदावरच राहिल्या. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. त्याचे अर्ज कधी निघतात हे मध्यमवर्गीय सोसायट्यांना बरोबर कळते, वस्तीला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. आपण संस्थांनी प्रभाग समितीवरच्या त्या तीन खुर्च्यांसाठी जेवढी धावपळ केली, तेवढी क्षेत्रसभांसाठी का केली नाही?

२०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षे नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. आमच्या बायका थेट अभियंत्यापर्यंत गेल्या त्याचे एक कारण हेही असेल की मध्ये कोणीच उरले नव्हते. ना नगरसेवक, ना (त्यांच्या मते) आम्ही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. संस्था नसती तर हे झाले असते का? नसते, हे मी मान्य करते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, हे त्यांना शिबिरात कळले. ठेकेदाराच्या माणसाने एकीला दमदाटी केली तेव्हा पोलीस चौकीत तिच्याबरोबर बसायला आम्ही होतो. धुणी-भांडी करणारी बाई कचेरीत एक दिवस घालवते तेव्हा तिचे खाडे होतात, कधी कामही सुटते. अशा वेळी तिच्या पाठीशी कोणी तरी असावे लागते. तेव्हा संस्था गुंडाळा असे माझे म्हणणे नाही. पाठीशी उभे राहणे आणि पुढे उभे राहणे यांत फरक करा, एवढेच म्हणणे आहे.

तो फरक रोजच्या कामात दिसला पाहिजे. काही गोष्टी सुचवते. अर्जाच्या, पोचेच्या, पत्रव्यवहाराच्या मूळ प्रती वस्तीतच एखाद्या बाईच्या ट्रंकेत राहाव्यात, आमच्या कपाटात छायाप्रती. बैठकीची वेळ पाणी येण्याची आणि कामावरून सुटण्याची वेळ पाहून बायकांनी ठरवावी. प्रशिक्षण द्यायला येणाऱ्या पाहुण्याला आपण मानधन देतो आणि दिवसभर बसणाऱ्या बाईला पोह्यांची बशी. तिचाही खाडा भरून द्यावा, आणि देणगीदाराकडे तो खर्च उघडपणे मागावा. अहवाल छापण्यापूर्वी वस्तीत वाचला जावा. आणि एका वस्तीत किती वर्षे राहायचे हे पहिल्याच वर्षी बायकांबरोबर बसून ठरवावे.

शेवटच्या दोन्ही सूचना मी आमच्या कार्यकारिणीपुढे मांडल्या. वस्ती सोडण्याच्या तारखेवर अजून वाद चालू आहे. देणगीदारांना काय सांगायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि माझी नोकरीही त्यातच आली. अहवाल वाचून दाखवण्याचे मात्र मान्य झाले. यंदाचा मसुदा घेऊन मी वस्तीत बसले, तेव्हा बायकांनी चार ठिकाणी बदल सांगितले. एका ठिकाणी तर आम्ही त्यांनाच श्रेय दिले होते, तेही त्यांनी खोडायला लावले. "हे आमच्याकडून झालंच नाही अजून. गटार तसंच आहे. झालं म्हणून लिहिलं तर साहेब येईल का परत?" हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

त्या गटाराचा अर्ज घेऊन त्या निवडणुकीनंतर नव्या नगरसेविकेकडे गेल्या. दारात तिच्या नवऱ्याने हात पुढे केला, "द्या, मी बघतो." बायका म्हणाल्या, "निवडून बाई आल्यात ना? त्यांनाच देऊ." आणि अर्धा तास ओट्यावर बसून राहिल्या. बाई बाहेर आली, अर्ज घेतला, सही केली. गटाराचे काम अजून व्हायचे आहे. मी त्या दिवशी बरोबर नव्हते. संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितले, आणि या खेपेला मला राग आला नाही.

इतर शहरांत काम करणाऱ्या मैत्रिणींचा अनुभव काय आहे? आपापल्या संस्थेत हा विषय काढला तर काय होते? पुढच्या अंकात यावर मोकळेपणाने लिहावे. शक्य झाले तर वस्तीतल्या बायकांनाच लिहिते करावे.