मोजमाप कोणाचे?

आरोग्यसेवेचे निर्णय आकडेवारी आणि गणिती प्रतिमाने यांच्या आधारे घ्यावेत, असा आग्रह आज नव्याने धरला जातो. भारताला तो नवा नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेशी संबंधित वॉलर, गेसर व अँडरसन यांनी क्षयाच्या प्रसाराचे गणिती प्रतिमान १९६२ सालीच प्रसिद्ध केले होते.

परंतु त्याहून मोलाची ठरली ती डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांची तुमकूर जिल्ह्यातील पाहणी. खेडूत अडाणी, म्हणून तो उपचाराला येत नाही, हा पांढरपेशा वर्गाचा आवडता समज! पाहणीत दिसले ते उलटेच. निम्म्याहून अधिक क्षयरुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याचे औषध हाती देऊन त्यांची बोळवण झाली होती. दोष रुग्णाच्या अज्ञानाचा नव्हता, दवाखान्याचा होता. म्हणूनच १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सामान्य दवाखान्यातच सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासण्यावर भर दिला.

२०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीत क्षयरुग्णांची नोंद होते. रुग्णाने किती गोळ्या चुकवल्या, हे शासनाने जरूर मोजावे. पण केंद्रात गोळ्या किती दिवस नव्हत्या, तंत्रज्ञाची जागा किती महिने रिकामी राहिली, हेही त्याच काटेकोरपणे मोजावे आणि ते आकडे दर ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा परिषदांपुढे लावून धरली पाहिजे.