२६९ चौरस फुटांत कायदा मावत नाही

घरकुल मंजूर झाले की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. वाटावेतच. ज्यांच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत आयुष्य काढले, त्यांना पक्क्या भिंतीचे मोल कुणी शिकवायला नको. पण त्या भिंतींच्या आत जागा किती, यावर ना पुढारी बोलतात, ना ग्रामसेवक, ना आपले कार्यकर्ते.

केंद्राच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २०१६ पासून २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. स्वयंपाकाची जागा त्यातच. रमाईच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या योजनेतही माप हेच. कागदावर हे 'किमान' असले, तरी सपाट भागासाठी ठरलेल्या १ लाख २० हजारांच्या केंद्रीय अनुदानात किमान तेच कमाल होऊन बसते. परतूर शहरात नगर परिषद आहे, तिथली योजना वेगळी. तालुक्यातल्या खेड्यांत मात्र हीच एक खोली.

त्या खोलीत नवरा-बायको, म्हातारी आई, तीन लेकरे, जळण आणि ज्वारीचे पोते. थोरल्याचे लग्न झाले की म्हातारीची बाज बाहेर पत्र्याखाली जाते. वर मजला चढवावा तर खाली कॉलम नाहीत. जालन्याची सळई राज्यभर जाते, आपल्या घरकुलाला ती पुरेशी परवडत नाही! परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि अभ्यास केलेल्या बाबासाहेबांनी पुढे राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्या दहावीच्या पोरीला दिवा लावून बसायला कोपरा नाही.

ही झाली रोजची अडचण. खरी फसगत कोर्टात कळते. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. घर बापाच्या नावावर असेल आणि तो मृत्युपत्राविना वारला, तर विधवा आणि तीन मुले यांना समान हिस्सा, मुलींसह. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ६७ चौरस फूट. असे घर सरसनिरस वाटता येत नाही. अशा वेळी १८९३ च्या वाटप कायद्याने विकून पैसे वाटण्याची तरतूद आहे. पण विकायचे काय? हातात असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. घर गायरानावर असेल तर तेही सुख नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, त्या अनेकांना आठवत असतील. २०२० च्या स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रक मिळते, पण मोजणी गावठाणाची. आपली वस्ती गावठाणाच्या आत किती ठिकाणी आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे.

बाईची गोष्ट याहून अवघड. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. ती राहते त्या भागात नवऱ्याने पाऊल ठेवू नये, असा आदेश कोर्ट देऊ शकते. एका खोलीचा 'भाग' कोणता? मग उरते त्याला घराबाहेर काढणे, नाहीतर त्याने तिला दुसरे घर भाड्याने घेऊन देणे. ऊसतोडीच्या उचलीवर जगणारा भाडे कुठून भरणार? आदेश होतो आणि रात्री दोघे त्याच छताखाली असतात.

२०११ च्या सर्वेक्षणात कुटुंब मोजले गेले ते चुलीवरून. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ म्हणजे एक कुटुंब, एक घरकुल. जागा नाही म्हणून चूल एक, आणि चूल एक म्हणून दुसरे घर नाही!

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंह खटल्यात निवारा म्हणजे डोक्यावरचे छप्पर एवढेच नव्हे, पुरेशी जागाही त्यात येते, असे सांगितले. तो खटला उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. पुढच्या ग्रामसभेत घरकुलाचा विषय आला की या निकालाचा उल्लेख करून ठराव लेखी मांडा: मागे दुसरी खोली काढता येईल एवढा भूखंड, लग्न झालेल्या मुलाची वेगळी नोंद आणि उताऱ्यावर बाईचे नाव. ठरावाची नक्कल मात्र सही-शिक्क्यासह मागून घ्या.