काविळीचे निर्मूलन : लसीइतकीच निर्भयतेची गरज

दरवर्षी २८ जुलै हा दिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू शोधून काढणारे, १९७६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिन. विषाणूजन्य काविळीचे 'बी' आणि 'सी' हे प्रकार वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखविता यकृत पोखरीत राहतात. डोळे पिवळे दिसू लागेपर्यंत अनेकदा फार उशीर झालेला असतो.

२०१६ साली जागतिक आरोग्य परिषदेने २०३० पर्यंत नवी लागण ९० टक्क्यांनी व मृत्यू ६५ टक्क्यांनी घटविण्याचे ध्येय स्वीकारले. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात या दिशेने काही आशादायक पावले पडली आहेत. बालकांमधील 'बी'चे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणल्याबद्दल २०१९ साली बांगलादेश, भूतान, नेपाळ व थायलंड या चार देशांना जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. यांपैकी नेपाळ व बांगलादेश हे काही धनाढ्य देश नव्हेत. बालकांचे नियमित लसीकरण चिकाटीने चालू ठेवणे, हेच त्यांच्या यशाचे मर्म आहे.

बालकांवर एवढा भर का? जन्मावेळी मातेकडून लागण झालेल्या सुमारे ९० टक्के अर्भकांमध्ये हा रोग कायमचा ठाण मांडतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. म्हणूनच लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळणे अगत्याचे आहे. पहिला दिवस हुकला की संरक्षणाची सर्वांत मोलाची संधी हुकते.

परंतु लस उद्याच्या पिढीला वाचविते. आज बाधित असलेल्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात 'बी'चे सुमारे २ कोटी ९८ लाख व 'सी'चे ५५ लाख बाधित होते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत या दोन्ही प्रकारांची तपासणी व उपचार शासनातर्फे मोफत आहेत. 'सी' प्रकार साधारणतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. 'बी' औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

तरीही लोक तपासणीस का येत नाहीत? आमच्या मते येथे शासनाचे काम संपून समाजाचे काम सुरू होते. कावीळ म्हणजे झाडपाल्याचे औषध आणि पथ्य, ही समजूत अजून दृढ आहे. त्याहून मोठा अडसर भयाचा आहे. विवाह मोडेल, शेजारी दूर ठेवतील, या धास्तीने माणसे तपासणी टाळतात. वस्तुतः 'बी' आणि 'सी' दूषित रक्त, निर्जंतुक न केलेल्या सुया, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाधित मातेकडून अर्भकास, अशा मार्गांनी पसरतात; एका पंक्तीत जेवल्याने वा आलिंगन दिल्याने नव्हे. रुग्णाचे ताट वेगळे करणे निराधार आहे आणि निष्ठुरही.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे केले, ते आधी त्याला स्पर्श करून. हा क्रम आपण विसरू नये. प्रत्येक गर्भवती भगिनीची तपासणी व्हावी, नवजात बालकास त्याच दिवशी लस मिळाली का हे कुटुंबाने विचारावे, धर्मग्रामातील आरोग्य शिबिरांत ही चाचणी गोपनीयता राखून व्हावी. रोग्याला आपल्यात निर्भयपणे राहता आले, तरच तो उपचारांपर्यंत पोहोचेल.