नकाशातील नदी आणि माशाची नदी

भोपाळ हे समुद्रापासून शेकडो मैल दूरचे शहर. तेथील मत्स्यसंरक्षणाशी गोमंतकीयांना काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. परंतु तेथे जी अडचण आहे, तीच आमच्याही दाराशी उभी आहे.

मध्य प्रदेश शासनाने 2011 साली महाशीरला राज्यमाशाचा मान दिला. नर्मदाकाठच्या बडवाह येथे त्याच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोगही झाले. मात्र तयार झालेले मत्स्यबीज नेमके कोठे सोडावयाचे, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नसून नकाशाचा आहे. महाशीरला खळाळते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. सरकारी नकाशात नर्मदा अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत एकसलग निळी रेघ म्हणून दिसते. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांनी त्या रेघेचे तुकडे केले आहेत, हे माशाला कळते. कागदाला कळत नाही.

म्हणून वाहते पाणी व तुंबलेले पाणी वेगळ्या खुणांनी दाखवावे. भिंती ठळक काढाव्यात, पाहणीची तारीख द्यावी आणि घाटांना व डोहांना केवटांच्या तोंडची नावे द्यावीत. दहा रंगांच्या छटांचा सोस नको. तालुका कचेरीतील छायाप्रतीत त्या साऱ्या काळ्याच होतात. ऋतूही दाखविला पाहिजे. तेथील मासेमारीबंदी 16 जून ते 15 ऑगस्ट अशी असते. महाशीर मात्र टप्प्याटप्प्याने, त्यानंतरही अंडी घालतो. एक सावधगिरी आवश्यक आहे. अंडी घालण्याच्या अचूक जागा जाहीर नकाशात छापणे म्हणजे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना आमंत्रण देणे होय. त्या जागा रक्षकांच्या प्रतीतच असाव्यात.

महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिले, ते नकाशावाचून. तेथे हद्द कोठे संपते हे गावातील पोरही सांगते. शासनाच्या हद्दीला हे भाग्य लाभत नाही. तिला कागदाचाच आधार घ्यावा लागतो, मग तो कागद तरी वाचता यावा.

आमच्याकडे काय घडले? 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजन जमिनींचे नकाशे करावयास सांगितले होते. किनारी व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला, तेव्हा आपले वाडे, बांध नि मानशी त्यात सापडत नाहीत, अशी ओरड गावोगाव झाली आणि 2021 साली जनसुनावणी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. 2016 साली आपण शेवटो राज्यमासा ठरविला. त्याची पिल्ले समुद्रातून खाड्यांत आणि खाजनांत शिरून वाढतात. मानस कोठे उघडते, कोठे कायमची बंद झाली, हे ज्या नकाशात नाही, त्यात शेवटोला स्थान आहे असे आम्ही मानीत नाही.

भोपाळच्या अधिकाऱ्यांनी मसुदा छापण्यापूर्वी तो नर्मदेच्या घाटांवर नेऊन केवटांसमोर पसरावा. आमच्या शासनानेही पुढील आराखडा सुनावणीपूर्वी निदान महिनाभर प्रत्येक किनारी पंचायतीच्या भिंतीवर मराठी व कोंकणी नावांसह लावावा आणि ज्यांनी चुका दाखविल्या त्यांना लेखी उत्तर द्यावे.