माशाचे जनुक सुधारेल, पाण्याचे काय?

उजनी जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांच्यापेक्षा चिलापीच जाळ्यात जास्त येतो, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. अशा वेळी वेगाने वाढणाऱ्या सुधारित मत्स्यबीजाकडे आशेने पाहिले जाते. हे विज्ञान काय करू शकते आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवे.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने 1992 मध्ये रोहूची निवड-पैदास सुरू केली. गंगा, यमुना, सतलज, गोमती आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू त्यासाठी आणले गेले. त्यातून ‘जयंती’ हे वाण तयार झाले. त्याची वाढ दर पिढीमागे सरासरी 17 टक्क्यांनी सुधारली.

ही निवड वजन-मापावर होती. पण मांसाचा दर्जा मासा मारल्याशिवाय मोजता येत नाही आणि रोगप्रतिकारशक्ती रोगाला सामोरे गेल्याशिवाय कळत नाही. इथे जनुकशास्त्र कामी येते. भावंडांची तपासणी करून कोणत्या जनुकखुणा उपयोगी आहेत ते ठरवतात. मग जिवंत माशाच्या पराचा छोटा तुकडा तपासून उत्तम नर-मादी निवडता येतात. सामन मासळीतील एका घातक विषाणुरोगावर युरोपात हा मार्ग यशस्वी ठरला आहे. रोग कमी झाला की प्रतिजैविकांचा वापर घटतो आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोकाही कमी होतो. आरोग्याच्या दृष्टीने हा लाभ वजनवाढीपेक्षा मोठा आहे.

यात माशात परके जनुक घातले जात नाही. गायी-म्हशींच्या पैदाशीसारखीच ही निवड आहे, फक्त अधिक अचूक. त्यामुळे असा मासा खाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र चांगल्या बियाण्यालाही चांगली जमीन लागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते. पाण्यातला प्राणवायू घटला की जयंतीही तडफडणारच. लहान आसाच्या जाळ्यांत बोटुकलीच अडकली, तर वाढणार काय? शिवाय केंद्रांत मोजक्याच नर-मादींपासून वर्षानुवर्षे बीज घेतले, तर सुधारित वाणही पिढीगणिक कमजोर होते.

म्हणून सुधारित बीजाचा पहिला मान शेततळ्यांना द्यावा. तिथे पाणी, खाद्य आणि नोंदी हाताशी असतात. उजनीसाठी सांडपाण्यावर प्रक्रिया, जाळ्यांवर नियंत्रण आणि बीजाच्या वंशाची नोंद ही कामे आधी व्हावीत. रोहू हा सामान्य घरातील मुलांना मिळू शकणारा चांगल्या प्रथिनांचा स्रोत आहे. तो ताटात येण्याआधी ज्या पाण्यात वाढतो, त्याची काळजी प्रयोगशाळा घेऊ शकत नाही. ती प्रशासनानेच घ्यायची आहे.