पालकसभेची वेळ

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने ठरविले. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्या, शिक्षण मोबाइलवर आले आणि वर्ग पुन्हा भरले तेव्हा मुलांचे लक्ष लागेना, असा अनुभव त्यामागे होता. शिक्षक आणि पालक एका निर्णयाने बांधले गेले, हे त्या उपक्रमाचे खरे मोल आहे.

भोंगा सोलापूरला नवा नाही. १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलपासून पुढे कित्येक दशके हे शहर गिरणीच्या भोंग्यावरच उठत-बसत होते. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. काम मात्र थांबले नाही; ते घरात शिरले. पूर्व भागात संध्याकाळी सात वाजता विडी कामगार आई मोबाइल पाहत बसलेली नसते. तिच्या मांडीवर सूप असते आणि उद्या द्यावयाच्या विड्यांचा हजाराचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. शेजारी बसून मुलगी हाताखाली मदत करीत असते. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत असतात. या घरात भोंगा वाजवून काय बंद करावयाचे?

अशा घरचे मूल सकाळी वर्गात पेंगते आणि त्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ हा शेरा बसतो. शिक्षक म्हणतात, घरी कोणी पाहत नाही. पालक म्हणतात, शाळेत कोणी शिकवीत नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांची भेट होत नाही, हे दुर्दैव आहे. शिक्षकाला मुलाचे पाच-सहा तास ठाऊक असतात, आईला उरलेले. मूल केव्हा झोपते, काय खाऊन येते, फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करते काय, हाक मारली तर ऐकते काय, ही माहिती एकत्र आली तर पुष्कळदा कारण साधेच निघते. कोणाला चष्मा हवा असतो, कोणाला झोप. घरी तेलुगू आणि वर्गात मराठी, अशा मुलाला वाक्यच कळलेले नसते. ते खिडकीबाहेर पाहील नाही तर काय करील? काही मुलांना अवधानाचा खराखुरा विकार असतो. तेथे छडी निरुपयोगी आहे आणि उपदेशही. तेथे तज्ज्ञ डॉक्टरच हवा. शालेय वयातील मुलांच्या आरोग्यतपासणीची सरकारी योजना २०१३ पासून आहे, पण तपासणीच्या पथकाला काय विचारायचे, हे शिक्षक आणि आई यांनीच सांगावयाचे असते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. ही तरतूद लहान नव्हे. परंतु सभा भरते शाळेच्या वेळेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधी गोष्ट दिसते: ज्याला महिन्याचा पगार आहे त्याला सभा फुकट पडते, जिला हजार विड्यांमागे मजुरी मिळते तिला सभेची किंमत रोख मोजावी लागते. ती येत नाही, आणि तिला ‘उदासीन पालक’ म्हटले जाते. मग समितीचे कामकाज नोंदवहीतील सह्यांपुरते उरते. ही उदासीनता मजुरीच्या पद्धतीतून आलेली आहे.

शिक्षकांचीही बाजू आहे. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य कामे त्यांना देऊ नयेत, असे तोच कायदा सांगतो. एवढ्या अपवादांतूनही बराच काळ जातो, आणि वर माहिती भरून पाठविण्याचा तगादा असतोच. त्यांनी वस्तीत यावे असे म्हणणाऱ्याने त्यांचे हे ओझे उतरविण्यासाठीही भांडले पाहिजे. शिक्षकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना एकमेकींच्या मोर्चांना पाठिंब्याची पत्रके काढतात. या प्रश्नावर त्यांनी एकत्र बसल्याचे फारसे दिसत नाही.

विडी कामगार स्त्रियांनी संघटित होऊन कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे मिळविली. २००६ साली त्यांचे हस्तांतर झाले. घरासाठी ज्यांनी एवढा दीर्घ लढा दिला, त्या मुलांच्या शिक्षणाविषयी उदासीन आहेत, हे आम्हांला पटत नाही. आठवीनंतर शाळा सुटलेले मूल मागावर किंवा सुपाशी जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून कार्यकर्त्यांना एक ठोस काम सुचवावेसे वाटते. जूनमध्ये शाळा सुरू होताच आपापल्या भागातील मुख्याध्यापकांना भेटून वर्षातील निदान दोन पालकसभा रात्री, वस्तीतच, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड वा उर्दूतही घेण्याचा आग्रह धरावा. रात्री येणाऱ्या शिक्षकांना त्याबद्दल बदली सुट्टी मिळावी, अशी मागणी महापालिकेकडे करावी. सतरंज्या कार्यकर्त्यांनी अंथराव्यात, दुभाष्याचे काम करावे. भाषण मात्र करू नये; त्या सभेत बोलावयाचे ते आईने आणि शिक्षकाने.