दाखल्यावरचे नाव



बाळासाठी एखादे चांगले बौद्ध नाव सुचवा, असा निरोप आमच्याकडे अधूनमधून येतच असतो. आजी-आजोबांना अर्थाचे नाव हवे असते, आईवडिलांना नवे, दुसऱ्या कुणाचे नसलेले. दोघांचेही चुकत नाही. आमच्या सायखेड्याच्या वस्तीत ‘सिद्धार्थ’ म्हणून हाक मारली तर दोन-तीन घरांतून ओ येते. 14 ऑक्टोबर 1956 नंतर नागपूरच्या दीक्षेचे वारे गोदाकाठच्या गावागावांत पोहोचले आणि गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे घरोघर आली. त्यापूर्वीच्या पिढीचे हजेरीपट काढून पाहा, म्हणजे हा फरक किती मोठा होता ते कळेल.

यातल्या काही नावांचा प्रवास मुलांना जरूर सांगावा. मिलिंद हे नाव आज अस्सल मराठी वाटते. मुळात ते मिनँडर या ग्रीक राजाचे नाव. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर त्याचे राज्य होते. त्याने भिक्खू नागसेनांना विचारलेल्या प्रश्नांचा ग्रंथ पालीत झाला आणि मिनँडरचा मिलिंद झाला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला हेच नाव दिले, परिसराला नागसेनवन म्हटले, आणि तिथून ते आमच्या घरांत आले. राहुल या नावाचा अर्थ परंपरेने ‘बंधन’ असा सांगतात. अर्थ ऐकून काही मंडळी नाराज होतात; आम्ही त्यांना सांगतो की ज्याचे नाव बंधन होते तोच पुढे संघात गेला, तेव्हा खुशाल ठेवा.

आणि हे सारे लांबचे आहे असेही नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात दान देणाऱ्याचे नाव कोरले आहे: इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी, यवन. यवन म्हणजे ग्रीक. परदेशातून आलेल्या वंशातला माणूस, बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे धम्मरक्षित! धम्म स्वीकारला म्हणजे नाव बदलते, ही चाल 1956 सालची नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या दगडावर ती सुमारे दोन हजार वर्षांपासून लिहिलेली आहे. मुलांना सहलीला नेता तेव्हा तेवढे लेणे दाखवून आणा.

मधल्या काळात मात्र नाव ठेवण्याचा हक्कच आपल्याकडे नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याचा नियमच सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे. पुढच्या श्लोकात आणखी एक पाऊल: शूद्राच्या नावाला चाकरी दाखवणारा जोड असावा. जे शूद्रांच्याही बाहेर ढकलले गेले त्यांची काय कथा? कचऱ्या, धोंड्या, भिक्या, दगड्या, उकिरड्या! 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला तेव्हा त्या आगीत ही नावेही होती, असे आम्ही समजतो.

इथे एक न्याय करायला हवा. सगळीच वाईट नावे वरच्यांनी लादलेली नव्हती. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मरणाने त्याच्याकडे वळून पाहू नये म्हणून आईबाप मुद्दाम हलके नाव ठेवीत. ही चाल सर्व जातींत होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते, म्हणजे दगडच. पण ते ‘धोंडो केशव’ राहिले आणि आमच्या पणज्याचा ‘धोंड्या’ झाला. नाव एकच, फरक शेवटच्या अक्षराचा. ‘पंत’, ‘राव’, ‘जी’ कुणाला लावायचे आणि ‘या’ कुणाला, हे गाव ठरवीत होते. आमच्या मते अपमान नावात कमी आणि या प्रत्ययात जास्त होता. भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या शूर पूर्वजांची नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. फौजेत हा प्रत्यय सन्मानाने कोरला गेला, आणि गावात त्याच माणसाला एकेरी हाक मारली गेली.

आडनावाची गोष्ट आणखी वेगळी. महार वतनाच्या जुन्या कागदांत आडनाव सहसा सापडायचे नाही. ‘अमका वल्द तमका महार’, संपले. जात हेच आडनाव. पुढे शाळा, पलटण, रेल्वे आणि गिरण्या आल्या, तेव्हा नोंदणारा विचारू लागला, ‘आडनाव काय?’ कुणी कुळीचे सांगितले, कुणी गावाचे. ‘कर’ लावलेल्या आडनावाची एक गंमत आहे. सायखेड्यात राहणाऱ्याला कुणी सायखेडकर म्हणणार नाही. चांदोरीचा पूल ओलांडून माणूस दूर जाऊन राहिला की मग तो सायखेडकर. म्हणजे ‘कर’ हा गाव सोडल्याचा दाखला आहे. रामजी सुभेदारांचे कूळ सकपाळांचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. घराणे लष्करात फिरते, म्हणून गावावरून आंबडवेकर. शिक्षकाने आपले सुटसुटीत आडनाव या हुशार विद्यार्थ्याला दिले, ही आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितली आहे. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. महाराष्ट्रात हा दिवस 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ, आणि आज कोट्यवधी लोक तिचा उच्चार करतात.

गायकवाड, जाधव, मोरे, शिंदे, पवार, साळवे ही आडनावे मराठ्यांत आहेत, आपल्यातही आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि बडोद्याचे राजे एकाच आडनावाचे. म्हणून आडनावावरून जात कळली नाही की शहरातला घरमालक पुढचा प्रश्न विचारतो: ‘गाव कोणते? गावात घर कुठे?’ ‘कुठे’ या शब्दात सगळा महारवाडा येतो. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, हे चांगलेच झाले. पण प्रश्न विचारणाऱ्याला भीमनगर म्हटले तरी जे समजायचे ते समजतेच. काही तरुण जोडपी यावर उपाय म्हणून आडनावच बदलून जातीचा मागमूस नसलेले काहीतरी घेतात. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या माणसाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण लपण्यासाठी घेतलेले आडनाव सांभाळावे लागते. लग्नपत्रिकेत, पाहुण्यांत, भिंतीवरच्या फोटोत ते रोज सांभाळावे लागते, आणि घरातली मुले ते पाहत मोठी होतात. शिवीसारखे आडनाव टाकून देणे निराळे; ते अवश्य टाकावे. तमिळनाडूत स्वाभिमान चळवळीने 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेपासून जातिदर्शक पदव्या टाकल्या, पण त्या वरच्या जातींनीही टाकल्या, तेव्हा त्याला वजन आले. एकट्याने लपणे आणि सर्वांनी मिळून टाकणे यांत फार अंतर आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी आज लिहायला बसलो. सायखेड्याला एका नामकरणाच्या कार्यक्रमात जेवणाच्या पंगतीत आमच्यासमोर एक तक्रार आली. मुलीला प्रवेशासाठी जात पडताळणी करायची, आजोबांचा जुना शाळेचा दाखला मिळाला, पण त्यावर आजोबांचे नाव ‘कचऱ्या’ आणि जातीच्या रकान्यात ‘महार’. घरात सगळे त्यांना ‘काशिनाथ’ म्हणत. पुढच्या सर्व कागदांवर काशिनाथ. मुलीचे वडील म्हणाले, ‘हा कागद फाडून टाकावा असे वाटते.’ आम्ही म्हणालो, बाबा रे, फाडू नको!

कारण कायदा असा. अनुसूचित जातीसाठी महाराष्ट्रात 10 ऑगस्ट 1950 ही तारीख महत्त्वाची. त्यापूर्वीचा जातीचा आणि राहण्याचा लेखी पुरावा सर्वांत वजनदार. तो बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा असतो, नाहीतर जन्ममृत्यूची नोंद किंवा वतनाचा कागद. धर्मांतरितांच्या सवलती राज्यात साठच्या दशकात सुरू झाल्या, आणि केंद्रात 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला. पण हक्क सिद्ध करायला पुरावा जुन्या जातीचाच द्यावा लागतो. ज्या ओळीने आजोबांची मान खाली गेली, त्याच ओळीवर नातीचा प्रवेश उभा आहे. ही आपल्या इतिहासाची विचित्र गाठ आहे. ती रागाने तोडता येत नाही, शांतपणे सोडवावी लागते. जुनी नोंद खोडायची नाही, दुरुस्त करवून घ्यायची नाही. ‘कचऱ्या आणि काशिनाथ ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र करायचे, वंशावळ जोडायची, आणि आजोबांच्या भावांचे दाखलेही शोधायचे.

जमिनीचेही तेच. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पुढे ज्यांनी रक्कम भरून जमिनी परत करून घेतल्या, त्यांच्या फेरफारात आजोबा एका नावाने आणि वारस दुसऱ्या आडनावाने. वारसनोंद अडते, मध्ये कुणी तिसराच शिरतो. गोदाकाठच्या द्राक्षाच्या आणि कांद्याच्या जमिनीला आज काय भाव आहे तो तुम्हांला ठाऊकच आहे. एका अक्षरासाठी एकर जाऊ देऊ नका.

जगात इतरत्रही हे घडले आहे. अमेरिकेतल्या काळ्यांना गुलाम करणाऱ्या मालकांची आडनावे मिळाली. म्हणून माल्कम लिटल हा माल्कम एक्स झाला, आणि 1964 साली कॅशियस क्ले मुहम्मद अली. पण आम्हांला जपानचे उदाहरण जास्त टोचते, कारण तो बौद्धांचा देश. तिथे बुराकू म्हणून अस्पृश्यांसारखा एक समाज आहे. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्याच्याकडे. 1871 मध्ये कायद्याने तो मुक्त झाला, तर 1872 च्या कुटुंब नोंदवहीत अनेक ठिकाणी त्यांच्यापुढे ‘नवे सामान्यजन’ असा शेरा मारला गेला. ‘नवबौद्ध’ शब्दाशी किती जवळचे! लग्न आणि नोकरी ठरवताना लोक ती वही पाहत. शेवटी 1968 मध्ये ती पाहायला बंद झाली. याहून वाईट म्हणजे मृत्यूनंतर भिक्खू जे धम्मनाव देतात, त्यात काही मंदिरांनी बुराकूंसाठी ‘पशू’, ‘नीच’ अशी अक्षरे घातली होती, थडग्याच्या दगडावर! सोतो झेन पंथाने 1979 नंतर आपली चूक मान्य करून ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले. बुद्धाचे नाव घेऊनही माणूस हे करू शकतो, हे आपणही ध्यानात ठेवलेले बरे.

भगिनींविषयी थोडे. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल आपल्यात अजून काही घरांत आहे. त्रिसरण-पंचशील घेऊन लागलेल्या लग्नात याचे काय कारण, आम्हांला समजलेले नाही. शिवाय तिची माहेरची सर्व प्रमाणपत्रे जुन्या नावाची, म्हणजे पुन्हा तेच प्रतिज्ञापत्र. सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना 2011 साली समारंभाने नवी नावे मिळाली. ती नावे कुणी त्या मुलींनाच विचारून ठेवली, ही त्यातली उत्तम गोष्ट. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा ‘गौतमीपुत्र’ म्हणूनच कोरलेला आहे. आईचे नाव आधी!

नव्या आईबापांसाठी एवढे सांगून थांबतो. जन्मनोंदीत बाळाचे नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला लागणार आहे. तेव्हा बारशाला ठरलेले नाव, काना-मात्रा तपासून, ग्रामपंचायतीत लगेच लिहवून घ्या. आणि त्याच दिवशी आजीकडून तिच्या आईचे आणि सासूचे नाव विचारून वहीत टिपून ठेवा. कागदांत आजोबांचे नाव वाकडेतिकडे का होईना सापडते. पणजीचे बहुतेक कुठेच नसते.